शब्दांची विचारपूस : मवाळ कोणाला म्हणावं?

या वेळी एकाच शब्दाच्या आसपासची पत्रं एकत्र घेतली आहेत. प्रश्न थोडे आखडले आहेत, आशय तोच ठेवला आहे.

ब्रिटिश वसाहतींमधल्या गुलामगिरीवरच्या एका पुस्तकाचं भाषांतर करते आहे. 'गुलामगिरी एकदम बंद करू नका, हळूहळू संपवा' असं म्हणणाऱ्या गटाला मी 'मवाळ' म्हटलं. संपादकांनी ते खोडून 'सुधारणावादी' केलं. कोण बरोबर? (डोंबिवली)

संपादकांनी खोडलं ते बरोबर, वर लिहिलं ते चूक.

'मवाळ' हा सुराचा शब्द आहे. माणूस कसा बोलतो, किती ताणून धरतो, समोरच्याला किती दुखावतो, हे त्यातून कळतं. तो किती वेगानं बदल मागतो हे कळत नाही. तुमच्या पुस्तकातलं भांडण मात्र निव्वळ वेगाचं आहे. १८२३ साली इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली, तिच्या नावातच 'गुलामगिरी सौम्य करणे आणि क्रमाक्रमाने संपवणे' हा हेतू लिहिलेला होता. पुढच्याच वर्षी एलिझाबेथ हेरिक या बाईंनी 'क्रमाक्रमाने नव्हे, तात्काळ' अशा अर्थाच्या मथळ्याची पुस्तिका काढून या मंडळींना धारेवर धरलं. मुक्काम दोघांचा एकच, गुलामगिरीचा शेवट. वाद फक्त कधी एवढ्यापुरता. इथे एका बाजूला 'मवाळ' म्हटलं की मराठी वाचक दुसरी बाजू आपोआप 'जहाल' धरतो. त्याच्या डोळ्यांपुढे टिळक-गोखले उभे राहतात आणि तुमचं पुस्तक जमैकाहून थेट पुण्यात येऊन पडतं.

'सुधारणावादी'ची अडचण निराळी. हा शब्द मराठीत क्रांतिवादीच्या समोर उभा असतो. व्यवस्था उलथायची नाही, आहे तीच दुरुस्त करायची, असं म्हणणारा तो सुधारणावादी. क्रमाक्रमाने का होईना, पण गुलामगिरी पुरती संपवायची म्हणणाऱ्याला सुधारणावादी म्हटलं, तर त्याला गुलामगिरी ठेवून फक्त चाबकाचे फटके कमी करायचे होते असा अर्थ निघतो. तसेही लोक त्या काळी होतेच, म्हणून तर गोंधळ आणखी वाढेल.

मग लिहायचं काय? एकदा स्पष्ट लिहा: 'टप्प्याटप्प्याने मुक्ती मागणारे' आणि 'तात्काळ मुक्ती मागणारे'. पुढे प्रकरणभर 'टप्पेवाले' आणि 'तात्काळवाले' चालवलंत तरी आमची हरकत नाही, ललित अंगाच्या पुस्तकात ते खपेल. अभ्यासग्रंथ असेल तर 'क्रमिक मुक्तीचे पुरस्कर्ते' ठेवा. 'क्रमवादी' हा शब्द बनवता येतो, कोशात शोभेलही, पण वाचक तिथे अडखळतो आणि 'कसला क्रम?' असं विचारतो. 'उत्क्रांतिवादी' तर नकोच. त्यानं डार्विन आठवतो.

टप्पे म्हणजे प्रत्यक्षात काय झालं, हेही भाषांतरात नीट उतरू द्या, कारण शब्दाची निवड त्यावरच पारखली जाते. १८३३ च्या कायद्याने १ ऑगस्ट १८३४ पासून सहा वर्षांखालची मुलं लगेच मोकळी झाली. बाकीच्यांना 'उमेदवारी'च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे बिनपगारी राबावं लागलं: शेतावरच्यांना १८४० पर्यंत, इतरांना १८३८ पर्यंत अशी ती योजना होती. विरोध वाढल्यावर १ ऑगस्ट १८३८ लाच सगळ्यांची उमेदवारी संपवावी लागली. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मिळाले ते मालकांना. या मजकुरात 'मवाळ' हा शब्द ठेवून बघा. मवाळ नेमकं काय होतं त्यात?

असा पेच पुढे कधी पडला, तर वाक्यात समोरच्या बाजूला कोण उभं आहे ते आधी बघावं. समोरचा 'आत्ताच्या आत्ता' म्हणत असेल तर 'टप्प्याटप्प्याने' या कुळातला शब्द घ्या. समोरचा बंदूक किंवा बहिष्कार घेऊन उभा असेल तर 'सनदशीर मार्गाचे'. समोरचा व्यवस्थाच मोडायला निघाला असेल तर 'सुधारणावादी'. समोरचा नुसताच तापट असेल, तेव्हा 'मवाळ'. आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी असतील आणि मधला कुणाच्याच बाजूचा नसेल, तर तो 'मध्यममार्गी'. हा शब्द जागा सांगतो, वेग सांगत नाही. वर्तमानपत्रांत तो सर्रास 'मवाळ'च्या जागी ठोकून दिला जातो.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात १८८५ ते १९०५ हा 'मवाळ कालखंड' असं दिलं आहे. दुसऱ्या पुस्तकात त्याच माणसांना 'नेमस्त' म्हटलं आहे, तिसऱ्यात 'प्रागतिक', चौथ्यात 'उदारमतवादी'. चारही एकच का? (मिरज)

परीक्षेत गुण मिळण्यापुरते एकच. लिहिताना मात्र फरक करा.

आधी 'नेमस्त'. नेम आणि नियम यांच्याशी त्याचं नातं उघड आहे. बेतशीर, मापात राहणारा, ठरल्या मर्यादेतला. खर्च नेमस्त असतो, आहार नेमस्त असतो. सुराशी त्याचा संबंध नाही. नेमस्त माणूस खणखणीत आवाजात बोलू शकतो. आमच्या मते इंग्रजी राजवटीतल्या त्या पक्षाला शोभणारा शब्द हाच होता. त्याचं कारण न्यायमूर्ती रानड्यांनी स्वतः देऊन ठेवलं आहे. १८९५ साली पुण्याची सार्वजनिक सभा टिळकांच्या बाजूच्या मंडळींकडे गेली. तेव्हा रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. तिच्या निवेदनात रानड्यांनी दोन ब्रीदशब्द दिले, एक उदारमताचा आणि दुसरा नेमस्तपणाचा, आणि दोन्हींची फोड वेगवेगळी केली. उदारमत म्हणजे जातिधर्माचा पूर्वग्रह सोडून सगळ्यांना न्याय. नेमस्तपणा म्हणजे अशक्याच्या किंवा फार लांबच्या ध्येयाच्या मागे फुकट न धावता, हाताशी असलेलं काम करत, तडजोडीच्या आणि न्यायाच्या भावनेनं, रोज स्वाभाविक वाढीतली पुढची पायरी चढणं. मूळ मजकूर इंग्रजी आहे, आम्ही आशय दिला. क्रमाक्रमाने बदल मागणाऱ्याची याहून नेटकी व्याख्या आमच्या पाहण्यात नाही. यात 'हळू बोला' असं कुठेच नाही.

म्हणजे उदारमतवादी आणि नेमस्त या एकाच माणसाच्या अंगच्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उदारमतवादी असून उतावळा असलेला माणूस असू शकतो. नेमस्त असून कर्मठही असू शकतो.

'प्रागतिक' हे नंतरच्या पक्षाचं नाव. १९१८ साली माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा स्वीकारायच्या की नाही, यावरून ही मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि त्यांनी निराळा लिबरल संघ काढला. पहिलं अधिवेशन मुंबईत, अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. मराठीत या पक्षाला प्रागतिक पक्ष म्हणू लागले. म्हणून १९०५ च्या गोखल्यांना प्रागतिक म्हणणं म्हणजे आजोबांना नातवाचं टोपणनाव देणं. गोखले १९१५ मध्येच गेले, तो पक्ष त्यांनी पाहिलाही नाही. आणि प्रागतिक म्हणजे आजचा 'पुरोगामी' नव्हे. उत्तरपत्रिकेत हा घोटाळा फार होतो. पुरोगामीला आज जातिअंत, स्त्रीमुक्ती, डावा विचार असा वास आहे. प्रागतिकांची बैठक कायदेमंडळात आणि वकिलांच्या दिवाणखान्यात होती.

'मवाळ' हा यांतला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कमी नेमका शब्द. जहालाच्या जोडीला तो आला आणि त्या जोडीमुळेच टिकला.

मवाळ म्हणजे मिळमिळीत असा सूर आमच्याकडच्या इतिहासाच्या तासालाही असतो. गोखले खरंच मिळमिळीत होते का? (पुणे)

शब्दाचा सूर माणसाला चिकटतो तो असा.

गोखल्यांचं काम आकड्यांत बघा. २६ मार्च १९०२ ला मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकार शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होतं. ती शिल्लक दुष्काळानं पिचलेल्या रयतेवर जास्त कर बसवून आली आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडलं. आवाज चढवला नाही, पण त्या भाषणाला मिळमिळीत म्हणायला जीभ रेटावी लागेल. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. तो कमी करा, हे मागणं त्यांनी सोडलं नाही. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एक रुपयावर. हे सगळं श्रेय एकट्या गोखल्यांचं नव्हे, पण टप्प्याटप्प्याने बदल म्हणजे काय ते यात दिसतं: दर दोन वर्षांनी आठ आणे.

दुसरं उदाहरण प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाचं, आणि ते जास्त बोलकं आहे. १६ मार्च १९११ ला गोखल्यांनी ते मांडलं. सक्तीचं शिक्षण, पण देशभर नाही. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा लोकल बोर्डाला हवं असेल तिथेच, तेही सरकारची संमती घेऊन. शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण आधीच ठरावीक मर्यादेपर्यंत पोचलेलं असेल अशाच भागात. फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना, मुलींना नंतर. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थेचा, दोन वाटे सरकारचे. एवढ्या पायऱ्या कोरून ठेवलेलं विधेयक. तरी १९ मार्च १९१२ ला ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

नेमस्त मार्गाची मर्यादाही इथेच कळते. पायरी कितीही बुटकी केली, तरी दार उघडणारा पलीकडे उभा असतो आणि उघडायचं की नाही ते तो ठरवतो. जहालांचा मुख्य आक्षेप हाच होता. अर्जविनंत्यांनी भागत नाही, सरकारला नडेल असं काहीतरी हाती हवं, म्हणून स्वदेशी आणि बहिष्कार. दोन्ही बाजूंना टोमणे मारण्याआधी हा मुद्दा समजून घ्यावा.

टिळकांना स्वतःला या लेबलांचं फारसं कौतुक नव्हतं. २ जानेवारी १९०७ ला कलकत्त्यातल्या भाषणात त्यांनी सांगितलं, की हे शब्द काळाशी बांधलेले आहेत. आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. त्याच वर्षी डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. मंडपात दख्खनी घाटाचा एक जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. त्या दिवसानंतर दोन्ही शब्द शिव्यांसारखे वापरले जाऊ लागले, आणि शिवीत नेमकेपणा कोण शोधतो?

आणखी एक फसवी जागा. राजकारणातला मवाळ हा समाजसुधारणेतही मवाळ असेल असं धरू नका. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा कायद्यानं सुधारणा करा म्हणणारे बहुतेक नंतरच्या मवाळांच्या गोटातले होते. आधी लोकशिक्षण, मग बदल, परक्या सरकारचा कायदा नको, ही क्रमाक्रमाची भाषा टिळकांची होती. आगरकर तर या खान्यांत मावतच नाहीत. इष्ट असेल ते बोलायचं आणि साध्य असेल ते करायचं, हा त्यांचा बाणा. बोलणं जहाल, करणं पायरीपायरीनं. त्यांना एका शब्दात बसवायला निघालात तर शब्दच फाटेल.

आमच्या मुलांच्या गुजराती पुस्तकातही 'मवाळवादी' आणि 'जहालवादी' असं आहे. शब्द मूळचे कोणाचे? (बडोदा)
कन्नडमध्ये याच लोकांना 'मंदगामी' म्हणतात. मराठीत असा शब्द का नाही? (बेळगाव)

दोन्ही पत्रांचं उत्तर एकत्र देतो, कारण भाषा शेजारी ठेवल्या की गंमत कळते. त्या एकाच पक्षाला नाव देताना प्रत्येक भाषेनं वेगळा गुण उचलला. कन्नडनं चाल पाहिली: मंदगामी आणि तीव्रगामी. तमिळ-तेलुगूनं माप पाहिलं, म्हणून तिथे 'मितवादी'. हिंदी-बंगालीनं नरमपणा पाहिला. नरम दलाच्या समोर हिंदीनं गरम दल उभं केलं. मराठी-गुजरातीनं स्पर्श आणि धग पाहिली, मवाळ आणि जहाल. डोंबिवलीच्या भाषांतरकर्तीला कन्नडमध्ये लिहायचं असतं तर अर्धी अडचण सुटली असती. मंदगामी हा वेगाचाच शब्द आहे. मराठीत 'संथगामी' करता येईल, पण 'संथ' म्हटलं की आपल्याला कामचुकार कारकून दिसतो. त्यात कौतुक नाही.

'मवाळ' हा शब्द मराठीत जुना आहे. संस्कृत मृदु, प्राकृत मउ, मराठी मऊ. त्याला 'आळ' लागून मवाळ. केसाळ, मधाळ, फेसाळ यांतला तोच 'आळ'. ऊ पुढे आ आला की व होतो हे आपल्याला रोजच्या बोलण्यात माहीत आहे: भाऊ, भावाला. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसक माणसाच्या बोलण्याचं वर्णन आहे, तिथे शब्द 'साच आणि मवाळ', थोडके आणि रसाळ असतात असं म्हटलं आहे. खरं आणि मवाळ, दोन्ही एकदम. राजकारणातल्या मवाळाला पुढे जो भित्रेपणाचा डाग लागला तो या जुन्या अर्थात नाही. गोव्याचे वाचक कोकणीतला 'मोव' आठवतील. तोही याच घरातला.

जहालाचं घर वेगळं. विष जहाल असतं, औषध जहाल असतं, टीका जहाल असते. जे अंगाला लागताच जाळतं ते.

गुजराती आणि मराठीत ही जोडी सारखी असल्याचं नवल वाटायला नको. मुंबई इलाखा एकच होता आणि सुरतेचा मंडपही त्याच इलाख्यातला.

मवाळ, मवाळवादी, मवाळमतवादी, मवाळपंथी: कोणतं शुद्ध? बाईला काय म्हणायचं? आणि 'मवाळ पतधोरण' बरोबर आहे का? (मडगाव)

'मवाळ' एवढं पुरतं. तो विशेषणही आहे आणि नामही. 'मवाळवादी' म्हणजे मवाळपणाचा वाद मांडणारा. असा वाद कोणी मांडला नव्हता. मतं मवाळ होती, म्हणून लांबवायचंच असेल तर 'मवाळमतवादी' लिहा. 'मवाळपंथी' हिंदीच्या वाटेनं आलेला दिसतो, तो टाळलेला बरा.

विशेषण म्हणून रूप बदलत नाही: मवाळ नेता, मवाळ नेत्या, मवाळ धोरण. नाम झालं की अकारांत पुल्लिंगी नामासारखं चालतं: मवाळाला, मवाळांनी, मवाळांचा. बाईचा उल्लेख करताना 'मवाळ गटातल्या' म्हणा, 'मवाळी' असं काही करू नका. 'मवाली'च्या शेजारी जाऊन बसेल आणि त्या शब्दाशी याचा काही संबंध नाही. क्रियापदही आहे, मवाळणे: दुपारपर्यंत तणतणणारे काका संध्याकाळी मवाळले. वर्तमानपत्रांतलं 'भूमिका मवाळ केली' किंवा 'सूर मवाळला' हे उत्तम मराठी आहे.

वस्तूला मात्र आज मवाळ म्हणत नाहीत. भाकरी मऊ, गादी मऊ, माती भुसभुशीत. मवाळ उरला तो बोलणं, स्वभाव, धोरण, शिक्षा यांच्यापुरता. 'मवाळ पतधोरण' या हिशेबात बसतं. व्याजदर वाढवायला बँक फारशी उत्सुक नाही, तिचा कल सैल हाताकडे आहे, असा सूर त्यातून कळतो. पण व्याजदर पाव-पाव टक्क्यानं उतरवत नेले जाणार असतील, तर 'मवाळ' लिहून थांबू नका, 'टप्प्याटप्प्याने कपात' असं सरळ लिहा. बँक मवाळ असूनही एका दमात अर्धा टक्का उतरवू शकते.